दर की परवानगी? भंडारा जिल्ह्यातील सारा, तलाव आणि जंगल-कायद्यांची एक चिकित्सा

आजचा विषय आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. ‘इंग्रजांनी जाचक कर लादले, अन्यायकारक कायदे केले आणि त्यातून असंतोष निर्माण झाला’ हे वाक्य आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे, त्यावर मार्कही मिळवलेले आहेत. वाक्य खोटं नाही. पण ते इतकं गुळगुळीत झालंय की त्यातून आता काही कळत नाही. कर जाचक म्हणजे किती? कायदा अन्यायकारक म्हणजे कुणाला, आणि नेमका कुठे? आज आम्हाला या वाक्याची चिकित्सा करायची आहे, आणि ती एका जिल्ह्याच्या जमिनीवर उभं राहून करायची आहे. तो जिल्हा म्हणजे भंडारा.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात ठेवूया. आम्ही भंडारा म्हणू तेव्हा जुना भंडारा जिल्हा समजायचा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. त्याआधी नवेगावबांधपासून तुमसरपर्यंतचा हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. वैनगंगेचं खोरं, धानाच्या बांध्या, हजारो तलाव-बोड्या आणि भोवती जंगल. समुद्र मात्र शेकडो मैल दूर.

हे समुद्राचं आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण कर आणि असंतोष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा मीठ येतं. तेव्हा तिथूनच सुरू करू.

मिठाचा हिशेब

मिठावरच्या कराचे आकडे बघा. १८८८ साली हा कर मणाला अडीच रुपये झाला. पुढे १९०३पासून तो टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि १९०७ साली मणाला एक रुपयावर आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात सव्वा रुपया झाला. १९२३ साली सरकारने तो एकदम दुप्पट केला, पुन्हा अडीच रुपये. मोठी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला. गांधीजी दांडीला निघाले १९३० साली. म्हणजे ज्या वर्षी मिठासाठी देश उठला, त्या वर्षी कराचा दर १८८८च्या दराच्या निम्मा होता.

आता ‘कर जाचक म्हणून असंतोष’ हे सूत्र इथे लावून बघा. लागत नाही. दराने असंतोष मोजायचा तर १८८८ साली देश पेटायला हवा होता.

मग १९३० साली लोक कशासाठी तुरुंगात गेले? समोर पडलेलं मीठ उचलायला सरकारची परवानगी लागते, या गोष्टीसाठी. दर वाढवता येतो, कमी करता येतो. पण ‘हे आमचं आहे, तुम्ही विचारून घ्या’ असं एकदा कायद्यात बसलं की दर शून्यावर आणला तरी अपमान शिल्लक राहतो. आजच्या व्याख्यानाचं मुख्य म्हणणं हेच आहे. वसाहतीच्या करकायद्यांकडे आपण दराच्या अंगाने बघतो. ते परवानगीच्या अंगाने बघायला हवं. आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तर दुसरा मार्गच नाही.

विदर्भात मीठ करणार कुठे? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, म्हणून एप्रिल १९३०मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. पुढे पूर्वेकडे सरकलं की तीही सोय नाही. पण परवानगीचा कायदा इथेही होता, मिठापेक्षा जास्त जवळचा. तो होता जमिनीचा, पाण्याचा आणि जंगलाचा.

गॅझेटिअर कसं वाचायचं?

भंडारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १९०८ साली निघालं. संपादक आर. व्ही. रसेल. हे तेच रसेल, ज्यांनी पुढे रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा प्रसिद्ध चार खंडी ग्रंथ केला. माणूस अभ्यासू होता. त्यामुळे ‘साहेबाने लिहिलं म्हणजे खोटं’ असं म्हणून हे पुस्तक बाजूला टाकणं हा आळस ठरेल. मातीचे प्रकार, धानाची लागवड, कोहळी समाजाचं तलाव बांधण्यातलं कसब, हे सगळं त्या काळच्या सरकारी लेखनात आस्थेने नोंदलेलं आहे. आजही संशोधकाला तिथे जावंच लागतं.

आमची हरकत वेगळी आहे, आणि ती पुस्तकाच्या रचनेवर आहे. या गॅझेटिअरांचा साचा ठरलेला असे. शेतीचं प्रकरण वेगळं, जंगलाचं वेगळं, दुष्काळाचं वेगळं, जमीन महसुलाचं वेगळं. वाचायला सोयीचं, बरोबर आहे. पण या सोयीने काय केलं बघा. तलाव शेतीच्या प्रकरणात येतो तेव्हा तो गावाचं कौशल्य असतो. तोच महसुलाच्या हिशेबात येतो तेव्हा उत्पन्नाची बाब होतो. जंगलाच्या प्रकरणात गुरं चारणारा माणूस भेटतो तो शुल्काच्या संदर्भात. आणि दुष्काळ? तो आपल्या स्वतंत्र प्रकरणात आकाशातून पडतो. साऱ्याचा आणि दुष्काळाचा संबंध काय, हा प्रश्न दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानात हरवतो.

गावातल्या माणसासाठी या चार गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. तलाव भरला तर धान, धान झालं तर सारा आणि खंड, धान बुडालं तर जंगल. मोहफुलं, कंद, जळण, गवत. एकीचा आधार दुसरीला. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळ्या खात्याकडे गेली आणि प्रत्येक खात्याने आपापली परवानगी लावली. असंतोष समजून घ्यायचा तर ती चार प्रकरणं पुन्हा एकत्र शिवून वाचावी लागतात.

मालक कोण, हे कागदाने ठरवलं

थोडा इतिहास. तिसरे रघुजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्तात एक फार दूरगामी गोष्ट घडली. भोसल्यांच्या काळात गावाचा वसूल गोळा करून भरणारे पाटील-मालगुजार होते. इंग्रजांनी त्यांना गावाचे मालक केलं. वसुलीचं काम करणाऱ्या माणसाच्या हातात मालकीचा कागद आला.

कागदावर गाव वाटलं गेलं. मालगुजाराची स्वतःची सीर. काही जुन्या कास्तकारांना मालिक-मकबुजा म्हणजे आपापल्या तुकड्याची मालकी. त्याखाली कायम कुळं, त्याखाली साधी कुळं. आणि उरलेलं, म्हणजे पडीक, झुडपी, गावजंगल आणि बहुतेक तलाव, मालगुजाराच्या नावावर.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. मध्य प्रांतातला कायदा कुळांना अगदी वाऱ्यावर सोडणारा नव्हता. १८८३, १८९८ आणि १९२० या सालांचे कूळकायदे आहेत. बंदोबस्त अधिकारी सरकारचा सारा ठरवायचा, तसाच कुळांचा खंडही ठरवायचा. बंगालच्या जमीनदारीत हे नव्हतं. तसंच गावाच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून घेतल्या जात. कुणाला कुठे गुरं चारता येतील, जळण कुठून आणता येईल, तलावाचं पाणी कुणाला कसं मिळेल. या वापराला इकडे ‘निस्तार’ म्हणतात. नांगराचं लाकूड, घर शाकारायला गवत, सारवायला माती, गुरांना पाणी, सगळं निस्तारात येतं.

म्हणजे कागदाने राखलं का? हो, काही प्रमाणात राखलं. त्या नोंदीवर बोट ठेवून माणूस मालगुजाराशी भांडू शकत होता. पण त्याच कागदाने एक सूक्ष्म उलटापालट केली. आधी निस्तार ही गावाची रीत होती. आता ती दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर मिळालेली सवलत झाली. रीत मोडणाऱ्याला गाव जाब विचारायचं. सवलतीत मात्र मालक वापरणाऱ्याला जाब विचारतो. हा फरक लहान नाही.

साऱ्याची मोजणीही बघूया, कारण तिथे हुशारी फार होती. १८९०च्या दशकातल्या फेरबंदोबस्तात मध्य प्रांतात फुलर या अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली मृदा-एककांची पद्धत वापरली गेली. माती कोणती ते बघायचं: कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. शेत उंचावर आहे की सखल, पाण्याखाली आहे की कोरडं, तेही बघायचं. प्रत्येक प्रकाराला एक गुणांक द्यायचा आणि एकराला त्याने गुणायचं. त्यावरून खंड, आणि मालगुजाराच्या एकूण उत्पन्नातला साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त हिस्सा सरकारचा.

शास्त्रीय वाटतं ना? आहेही. पण गंमत कुठे आहे? सखल, ओलिताखालची बांधी जास्त गुणांकाची. ती ओलिताखाली कशामुळे आली? तलावामुळे. तलाव कुणी बांधला? परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या आणि कोहळ्यांनी हे तलाव उभे केले. पाळीवर माती टाकणारे हात कोहळ्यांबरोबर गोंड-ढिवरांचे आणि इतर कष्टकऱ्यांचेही होते. इंग्रजांनी यातला एकही जुना तलाव बांधलेला नव्हता. पिढ्यान् पिढ्यांचं श्रम मोजणीच्या तक्त्यात ‘जमिनीचा गुण’ म्हणून उतरलं आणि त्या गुणाचा हिस्सा सरकारने घेतला.

दत्त विरुद्ध कर्झन

या बंदोबस्ताच्या काळातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. १८९१च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ साली ती ६ लाख ६३ हजार भरली. लोकसंख्या वाढायला हवी होती, तिथे दहा वर्षांत जवळपास ८० हजार माणसं कमी झाली. कुणी मेली, कुणी परागंदा झाली.

रमेशचंद्र दत्त यांनी १९०० साली लॉर्ड कर्झनला खुली पत्रं लिहिली, आणि त्यातलं पहिलं पत्र मध्य प्रांतावर होतं. त्यांचं म्हणणं असं की साऱ्याची आकारणी बेसुमार झाल्यामुळे शेतकऱ्याजवळ शिल्लक राहिली नाही, म्हणून पाऊस हुकला की तो मरतो. १९०२ साली कर्झन सरकारने ठराव काढून उत्तर दिलं: दोष पावसाचा आहे, आकारणी पूर्वीपेक्षा हलकीच आहे.

दत्तांनी विचारलेला प्रश्न ऐतिहासिक आहे. त्यांनी सरकारी आकडे सरकारच्याच तोंडावर फेकले, हे मोठंच काम. पण आज हा वाद वाचताना जाणवतं की दोन्ही बाजू मुख्यतः दरावर भांडताहेत. निम्मा की साठ टक्के? वीस वर्षांचा बंदोबस्त की तीस वर्षांचा? सारा कमी केला तर तो वाचलेला पैसा गावात कुणापर्यंत पोचणार होता, मालगुजारापर्यंत की सिहार मातीच्या दोन बांध्या कसणाऱ्या कुळापर्यंत? दुष्काळात ज्या जंगलाने माणूस तगतो, त्याच्या दारावर कुलूप कुणी लावलं? हे प्रश्न त्या वादात मागे पडतात. आपल्या अर्थविषयक राष्ट्रवादाची ही पहिली मर्यादा आहे. लूट त्याला दिसली. लुटीची गावातली पायरी तेवढी स्पष्ट दिसली नाही.

गवताची पेंढी

आता १९३०कडे येऊ. मध्य प्रांत-वऱ्हाडात कायदेभंगाला खरा जोर आला तो जंगल सत्याग्रहाने. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. कायदा होता १९२७चा, पण त्याचं मूळ १८६५ आणि १८७८च्या वनकायद्यांत. राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापणं, गुरं घालणं, लाकूड उचलणं हा गुन्हा.

गवताची पेंढी ही किमतीने मिठाच्या चिमटीसारखीच क्षुल्लक वस्तू. तरी गावंच्या गावं निघाली. कारण इथे तर परवानगीचा काच रोजचा होता. मीठ माणूस बाजारातून महिन्याला आणतो. जळण आणि चारा रोज लागतो. जंगल खात्याचा शिपाई हेच अनेकांसाठी सरकारचं एकमेव ओळखीचं तोंड होतं.

भंडाऱ्याच्या उत्तरेला लागून सिवनी जिल्हा आहे. प्रांत तोच, जंगल कायदाही तोच. ९ ऑक्टोबर १९३० रोजी तिथल्या तुरिया गावी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. चार जण मेले, त्यातल्या तीन आदिवासी स्त्रिया. आपल्या पाठ्यपुस्तकात दांडीला धडा मिळतो, चिरनेरला परिच्छेद मिळतो. तुरियाला एक ओळ तरी मिळते का, बघा. भंडारा-बालाघाट-सिवनी या पट्ट्यातला मराठी-हिंदी-गोंडी मुलूख पुढे दोन राज्यांत वाटला गेला आणि त्याचा इतिहासही वाटला गेला. मराठीत लिहिणाऱ्याला तुरिया ‘तिकडचं’ वाटतं. हीसुद्धा एक सरहद्दच आहे, आणि ती आपणच आखलेली आहे.

पुढे ऑगस्ट १९४२मध्ये तुमसरला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं हुतात्मा झाली. जिल्ह्याच्या स्मरणात तुमसर आहे, आणि ते योग्यच. पण १९४२ची गोष्ट आपण ‘मुंबईहून हाक आली आणि तुमसर उठलं’ अशी सांगतो. हाक आली हे खरं. उठायची तयारी मात्र इथे दोन-तीन पिढ्या होत होती, पटवाऱ्याच्या कागदात आणि जंगलाच्या नाक्यावर.

असंतोषाची दुसरी दिशा

आता अवघड भाग. आम्ही म्हटलं की परवानगी हा मूळ काच. मग परवानगी देणारे दोघे होते. राखीव जंगलात सरकार, गावजंगलात आणि तलावावर मालगुजार. असंतोषाला त्यामुळे दोन दिशा होत्या. राष्ट्रीय चळवळीने पहिली दिशा उचलली, मोठ्या धैर्याने उचलली. दुसरी मात्र थांबवून ठेवली. कारण स्पष्ट आहे: गावातला शिकलेला, पैसा उभा करू शकणारा, तुरुंगात जाऊ शकणारा वर्ग बऱ्याचदा मालगुजारांपैकीच होता. त्यांच्यातल्या कित्येकांचा त्याग खरा होता, त्याबद्दल शंका नको. पण १९३७ ते १९३९ या काळात प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, तरी मालगुजारी गेली नाही. तिकडे मुंबई कायदेमंडळात १९३७ सालीच डॉ. आंबेडकर कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडत होते. म्हणजे ‘तेव्हा तो विचारच नव्हता’ असं म्हणता येत नाही. विचार होता, प्राधान्य नव्हतं.

शेवटी मध्य प्रदेश विधिमंडळाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. मोठी घटना. कुळांना जमिनीचा आधार मिळाला. पण तलाव आणि गावजंगल? ते सरकारजमा झाले. मालगुजारांचे तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि त्यातून इकडचा लाडका शब्द तयार झाला: मामा तलाव.

नाव गोड आहे, पण नातं तुटलं. पूर्वी मालगुजाराच्या धाकाने का होईना, गाव पावसाळ्याआधी पाळीवर माती टाकायचं, गाळ काढायचं. तलाव सरकारचा झाल्यावर ‘सरकार बघेल’ सुरू झालं. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे, मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे, बुडीत क्षेत्रातली अतिक्रमणं महसूल खात्याकडे. गॅझेटिअरमधली ती वेगवेगळी प्रकरणं आठवतात ना? तीच आता कार्यालयं झाली आहेत. तलावात गाळ आणि बेशरम वाढते, आणि ढिवराला मासा धरायला ठेका लागतो.

झुडपी जंगलाचंही तेच. मालगुजारी गावातली ही पडीक, चराईची जमीन महसुली कागदात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. १९५६ साली पूर्व विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, आणि ती नोंद बरोबर आली. १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या नोंदीतल्या ‘जंगल’ या शब्दाला वेगळंच वजन आलं. घरं, शाळा, स्मशानभूमी उभी असलेली जमीनही कागदावर जंगल. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा त्यावर निर्णय दिला. एका जुन्या महसुली नोंदीचा अर्थ लावायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावं लागतं, यावरून या कागदांचं आयुष्य किती लांब असतं ते कळेल.

मग त्या वाक्याचं काय करायचं?

‘जाचक कर, अन्यायकारक कायदे, असंतोष’ हे वाक्य खोडायचं नाही, पुरं करायचं. कर जाचक होता, पण दरापेक्षा जास्त तो ज्या मालकीवर उभा होता ती जाचक होती. कायद्याने वापर हा हक्क न ठेवता मेहेरबानी केला. असंतोष त्या मेहेरबानीविरुद्ध होता. राजवट बदलली तेव्हा मेहेरबानी करणारा बदलला; रचना बरीचशी राहिली. म्हणून १९४७ किंवा १९५१वर धडा संपवणं आम्हाला मान्य नाही.

एक काम सांगून थांबतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची आहे, आणि तिच्यात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही शब्द आजही आहेत. आपल्यापैकी जे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागातले आहेत, त्यांनी आपल्या गावाचं निस्तार पत्रक तलाठ्याकडे मागून बघावं. तलाव कुणाच्या नावे आहे, पाण्यावर कुणाचा हक्क लिहिलाय, गुरं कुठे चरू शकतात, ते वाचावं. ज्यांचं गाव दुसरीकडे आहे, त्यांनी तिकडचा तसाच कागद शोधावा. वसाहतकाळाचा इतिहास ग्रंथालयात आहेच. त्याचा चालू भाग मात्र तलाठी कार्यालयाच्या कपाटात आहे, आणि तो मागायला कुणाची मेहेरबानी लागत नाही.